दीडशे व्होल्टचा गळा

(देवपूर, धुळे. एप्रिल १९९३. एका कॉलेजच्या सभागृहाचं स्टेज. दुपारचे चार वाजलेत. साडेसहाला पडदा उघडायचा आहे.)

कुंदा : थांबा, थांबा. परत नाही जुळलं.

लोटन : कसं जुळेल? मी जळगावला निघालोय आणि तुमची पेटी सुरतेला.

कुंदा : पेटी नाही, कीबोर्ड.

लोटन : नाव काही असो ताई, चुकतेय ती.

कुंदा : लोटनभाऊ, तुमच्याबरोबर आज पहिल्यांदा बसतेय, पण गेले पंचवीस दिवस शाळेतून आले की मी तुमची कॅसेट लावते आणि तिच्यावर वाजवते. आठही गाणी. शेजारच्या मंदाबाईंना पाठ झालीत, आणि आमचं बोलणं बंद झालंय. हे गाणं काळी दोनमध्ये आहे.

लोटन : काळी एक.

कुंदा : काळी दोन.

लोटन : गायलंय कोणी, मी का तुम्ही?

कुंदा : तुम्ही. काळी दोनमध्ये.

लोटन : चुडामण, सांग यांना. गिटार तू लावलीस ना?

चुडामण : आपण जरा चहा घेऊ.

लोटन : चहाला पुना आणि मगन गेलेत. अर्धा तास झाला. ड्रमवाला आणि बास-गिटारवाला मिळून एक किटली आणू शकत नाहीत, हा आपला नवा संच. तू पट्टी सांग.

चुडामण : पट्टी काय, हॉल मोठा आहे, पत्रे तापलेत, उन्हानं तारा उतरतात.

कुंदा : दोन पट्ट्या? चुडामणभाऊ, मी शाळेत संगीत शिकवते. एवढ्या उतरल्या तर तारा नसतात त्या, दोऱ्या असतात.

चुडामण : मग तुमचा टेप जोरात पळत असेल. सेल नवे असले की पळतो.

कुंदा : मी तीन टेपवर ऐकली. घरच्या, शाळेच्या, आणि भावाच्या गाडीतल्या. तिन्हीवर काळी दोन. टेप बरोबर आणलाय मी. लावते.

चुडामण : नको.

लोटन : का नको?

चुडामण : कार्यक्रमाआधी कलाकारानं स्वतःची कॅसेट ऐकू नये.

लोटन : हे तू महिनाभर सांगतोयस. तालमीलाही ऐकू दिली नाहीस. म्हणे जुन्या माणसांना गर्व होतो. मी घरी ऐकतोच की! बेबा कणीक मळताना लावते.

चुडामण : ऐक ना. पण तेव्हा बरोबर गात तर नाहीस?

लोटन : नाही. घरी कोण गातं? घरी मला बोलूही देत नाहीत. पण तू हे का विचारलंस?

चुडामण : सहज.

लोटन : सहज तू आयुष्यात काही विचारलेलं नाहीस. ताई, लावा कॅसेट. आणि तुमचा तो काळी एकचा सूर दाबून धरा.

कुंदा : हा काळी एक... आणि ही कॅसेट.

लोटन : जुळत नाही. दुसरा दाबा.

कुंदा : आता हा काळी दोन.

लोटन : बंद करा.

कुंदा : मी म्हटलं होतं.

लोटन : बंद करा, ताई! ...चुडामण. मी काळी एकमध्ये गायलोय. तू गिटार काळी एकमध्ये वाजवलीस. आपल्या जुन्या संचातल्या कौतिकनं हार्मोनियम त्याच पट्टीत धरली. मग ही कॅसेट दोन पट्ट्या वर कोणी नेली?

चुडामण : भरणाऱ्यानं काही घोळ केला असेल.

लोटन : तुझा घोळ दिसतो मला. तू गिटारकडे बघून बोलतोयस. खोटं बोलताना तू नेहमी वाद्याकडे बघतोस. अडुसष्ट सालापासून बघतोस.

कुंदा : मला एक विचारायचंय. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना शेवटी साडेतीन साडेतीन मिनिटं कोरी का आहेत?

लोटन : हो ना! आम्ही प्रत्येक बाजूला अर्धा तास मोजून गायलो होतो. घड्याळ लावून. मी म्हटलं, भरणाऱ्यानं गाणं कापलं. पण गाणी तर पूर्ण आहेत.

कुंदा : पूर्ण आहेत आणि लवकर संपतात. म्हणजे पळतात. पळतात म्हणून चढतात. रेकॉर्डिंग कुठे केलं होतं?

लोटन : असोद्याला. याच्या शालकाची केळी पिकवायची खोली आहे. एकही खिडकी नाही, भिंतींना पोती. बाहेर मोर्चा गेला तरी आत कळणार नाही. वास तेवढा असा की, दुसऱ्या कडव्याला भूक लागायची.

कुंदा : आणि मशीन?

चुडामण : जुना स्पूलचा रेकॉर्डर. मोटर जळालेली होती. मी वाइंडिंग करून चालू केली. दुकानच माझं मोटर वाइंडिंगचं, ताई. मी केलेली मोटर बंद पडत नाही.

कुंदा : बंद नाही पडत. हळू चालते का?

चुडामण : ...व्होल्टेज कमी असलं तर कोणतीही हळू चालते.

लोटन : म्हणजे?

कुंदा : म्हणजे असं, भाऊ, की भरताना फीत हळू फिरली, आणि वाजवताना नेहमीच्या वेगानं फिरते. मग गाणं पळतं, आवाज बारीक होतो आणि वर चढतो.

लोटन : आवाज बारीक होतो.

कुंदा : कोवळा होतो म्हणा.

लोटन : कोवळा. ...स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो मी, ताई. गाड्या पुकारतो. मागच्या महिन्यात जामनेरची एक बाई आली. म्हणाली, त्या कॅसेटमधला लोटन तुमचा कोण? म्हटलं, मीच. म्हणाली, नाही, मुलगा असेल. मी दिवसभर हसत होतो. चाळीसगावची गाडी दोनदा पुकारली त्या आनंदात. दोनदा सुटली असती.

चुडामण : लोटन, चूक झाली. असोद्याची वीज, तुला माहीत आहे. अकराला पुरवठा सुटला की गावातले सगळे पंप एकदम चालू. बल्बचा पार काजवा होतो. त्यात फीत हळू फिरली. कोणाच्या लक्षात येणार?

लोटन : कोणाच्या नाही. तुझ्या येणार.

चुडामण : मी गिटार वाजवत होतो.

लोटन : गिटारच्या बाजूला व्होल्टमीटर ठेवून. तो काटा मला अजून दिसतो. मी तुला विचारलंही, हे घड्याळ बंद का आहे? तू म्हणालास, बंद नाही, दीडशेवर आहे.

चुडामण : असेन म्हणालो.

लोटन : थांब. थांब जरा. पहिल्या दिवशी आपण सकाळी सहाला गायलो. पहिलं गाणं. हेच. मग तू दुसऱ्या दिवशी म्हणालास, त्यात खरखर आली, परत घ्यायचं.

चुडामण : आली होती.

लोटन : आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे सहाला हजर, आणि तू अकरापर्यंत चहा पाजत बसायचास. पोहे. मग केळी. पुना म्हणायचा, भाऊ, ही रेकॉर्डिंग आहे की सोयरीक? तू म्हणायचास, गळा तापू द्या. ...तू गळा तापायची वाट बघत नव्हतास. तू पंपांची वाट बघत होतास.

कुंदा : मी जरा बाहेर जाऊ का?

लोटन : नाही. तुम्ही बसा. तुमच्यामुळे कळलं. नाहीतर साडेसहाला सगळ्या धुळ्याबरोबर कळलं असतं मला. बोल, चुडामण.

चुडामण : काय बोलू?

लोटन : खरखर कुठे होती?

चुडामण : तुझ्या गळ्यात. चौथ्या ओळीला आवाज फाटला तुझा. तुला कळलं नाही, तू डोळे मिटून होतास. पुनानं माझ्याकडे बघितलं. मगन बाहेर आल्यावर म्हणाला, भाऊ, मी गाऊ का? चांगला आहे मगन, गोड गातो. चूक नव्हती त्याची. मी त्याला म्हटलं, उद्या बघू. त्याच दिवशी अकरानंतर आपण गंमत म्हणून दुसरं गाणं घेतलं होतं, आठवतं? ते मी दुकानात नेऊन पूर्ण व्होल्टेजवर लावलं. आणि लोटन, तू आलास त्यातून. सत्तर सालचा. बेलबॉटममधला. मी पान्हा खाली ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, पंप कधी देता? मी म्हटलं, जा इथून.

लोटन : आणि मग तू ठरवलंस.

चुडामण : कॅसेट काढायची तर दोनच रस्ते होते. मगनला गायला लावायचं, नाहीतर पंप चालू व्हायची वाट बघायची. मी पंप निवडले.

लोटन : मला सांगायचं होतंस.

चुडामण : सांगितलं असतं तर गायला असतास?

लोटन : नसतो.

चुडामण : मग?

लोटन : मग नसतो गायलो! ते मला ठरवू द्यायचं होतंस! मना गळा शे, चुडामण. तुना पंप नही तो. जळाला की वाइंडिंग करून चालू केला!

चुडामण : हळू. बाहेर लोक जमायला लागलेत.

लोटन : जमू दे. कोण आलंय?

कुंदा : जामनेरहून टेम्पो आलाय म्हणे एक. आणि तुमच्या घरचे.

लोटन : बेबा?

कुंदा : पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवलीय, बाहेर व्हरांड्यात बसल्यात. मघापासून. भाऊही आहेत त्यांचे, दोघे.

लोटन : बेबानं त्या कॅसेटसाठी घरात नवा टेप घ्यायला लावला, ताई. म्हणाली, लग्नाच्या वेळचा आवाज परत आला. एकवीस वर्षांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं तिनं. मी महिनाभर आरशात गळा बघतोय. बाहेरून तसाच दिसतो. म्हटलं, आत काही झालं असेल.

चुडामण : एक मार्ग आहे.

लोटन : तू मार्ग काढू नको.

चुडामण : ऐक तर. ताईंचा टेप आपण मोठ्या स्पीकरला जोडू. कॅसेट लावू. तू माईकसमोर उभा राहा, ओठ हलव. माईक बंद. मी गिटार हातात धरतो. आजकाल मोठमोठे लोक करतात. कोणाला कळत नाही.

कुंदा : मला कळेल. ओठ हलवणाऱ्याच्या मागे मी बोटं हलवणार नाही. माझ्या शाळेतली पोरं बसणार आहेत समोर.

चुडामण : ताई, तुम्ही नव्या आहात. लोक काय ऐकायला आलेत ते समजून घ्या. पोस्टर वाचलंत ना? 'ब्लॅक सॉइल, जळगाव. सोळा वर्षांनी पुन्हा. नवा संच, नवी कॅसेट, तोच आवाज.' तोच आवाज, असं छापलंय.

कुंदा : छापणाऱ्यानं तुम्हाला विचारलं होतं, की तुम्ही त्याला सांगितलं होतं?

चुडामण : सांगितलं होतं.

लोटन : ठीक आहे. लाव कॅसेट. जोड स्पीकरला.

कुंदा : लोटनभाऊ!

लोटन : त्याला तोच लोटन पाहिजे. बेबाला तोच पाहिजे. जामनेरच्या टेम्पोलाही तोच. मलाच एकट्याला वाटतं की, मी असावं. ओठ हलवतो मी. नाहीतरी स्टँडवर तेच करतो, गाड्या दुसरेच चालवतात.

चुडामण : असं बोलू नको.

लोटन : कसं बोलू? गाऊन दाखवू? पंप चालू आहेत का धुळ्यात?

कुंदा : तुम्हाला जायचं असेल तर जा, भाऊ. मी बाहेर जाऊन सांगते, तब्येत बिघडली.

चुडामण : नाही! जायचं नाही. ताई, त्याला जाण्याचं नाव सुचवू नका. तुम्हाला माहीत नाही. सत्त्याहत्तर साली भुसावळला असंच स्टेज होतं. पडदा उघडला, समोर हजार माणूस, मी, अभिमन, कौतिक, आणि मधला माईक मोकळा. हा एसटीच्या मुलाखतीला गेला होता. आम्हाला न सांगता. चाळीस मिनिटं मी एकटा गिटार वाजवली. लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे.

लोटन : मी नंतर माफी मागितली.

चुडामण : सोळा वर्षांनी. माझ्या दुकानात येऊन, जळका मिक्सर दाखवायच्या निमित्तानं.

लोटन : मिक्सर खराच जळला होता.

चुडामण : आणि तेव्हा तू म्हणालास, परत गाऊ का? मी काय म्हणायला पाहिजे होतं? आधी गाऊन दाखव, म्हणायचं? कोणाची चाचणी घेतो मी, लोटनची? मी तुझ्याशिवाय दोन माणसं बसवून बघितली होती, मधल्या काळात. चांगली गायची. बॅंड नाही झाला त्यांच्यात. वराती झाल्या. म्हणून मी पंपांची वाट बघितली. तुला फसवलं, हो. पण तू परत जाऊ नये म्हणून फसवलं.

कुंदा : पुना आणि मगन आले. किटली घेऊन दारात उभे आहेत. आत येऊ म्हणतायत.

लोटन : त्यांना सांगा, थांबा. मगनला विशेष सांगा. मी त्याला काही बोलणार नाही म्हणावं, आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही. ...चुडामण, तुला ती फीत हळू फिरवता येते का? इथे, ताईंच्या टेपवर?

चुडामण : कशाला?

लोटन : त्या खोलीत मी जे गायलो, ते मला ऐकायचंय. अजून कोणी ऐकलेलं नाही ते. मीसुद्धा नाही.

चुडामण : झाकण उघडून चाकाला बोट लावलं की होईल. पण लोटन...

लोटन : लाव बोट. व्होल्टमीटर नको का? अंदाजानं दीडशेवर आण.

कुंदा : मी काळी एकचा सूर धरते. तिथं आला की सांगते. ...अजून. अजून थोडं दाबा. आला. तिथंच धरा.

चुडामण : धरलंय. ऐक.

लोटन : ही चौथी ओळ?

चुडामण : हां.

लोटन : इथेही फाटलाय.

चुडामण : रोज फाटायचा. वर गेला की कळत नव्हता.

कुंदा : चुडामणभाऊ, बोट काढू नका. पूर्ण होऊ द्या.

लोटन : बास झालं, ताई.

कुंदा : नाही, होऊ द्या. हे 'बठ्ठं ठीक शे'... पंचवीस दिवस मला वाटत होतं, हे नाचायचं गाणं आहे. शब्द पळायचे, ठेका तेवढा हाती लागायचा. आत्ता ऐकलं. 'बाप गेला, बठ्ठं ठीक शे.' हे असं लिहिलंय, हेच मला माहीत नव्हतं.

लोटन : वडील गेले तेव्हा लिहिलं. गावाकडून जो येईल तो विचारायचा, कसं काय लोटन? तर तेच म्हणायचो, सगळं ठीक आहे.

कुंदा : कॅसेटबरोबर वाजवताना त्या ओळीला मी कीबोर्डवर घुंगरांचा आवाज दिलाय. माझ्याकडून.

लोटन : चांगला लागतो तो.

कुंदा : आज नाही देणार.

चुडामण : बोट भाजायला लागलं माझं. काढू?

लोटन : काढ. ...पुनाला बोलवा. त्याला ठेका हळू करावा लागेल. तो मला तालमीला विचारत होता, भाऊ, कॅसेटवर माझा हात एवढा पळतो कसा? मी त्याला म्हटलं, तू जवान आहेस.

चुडामण : लोटन, लोक कॅसेट ऐकून आलेत. असं गायलास तर उठतील.

लोटन : उठतील काही. दारं मोठी आहेत ना?

चुडामण : बेबावहिनी?

लोटन : ती नाही उठणार. खुर्ची धरून बसलीय. तोंडाकडे मात्र मी बघणार नाही पहिलं गाणं होईपर्यंत. तुझ्याकडे बघीन.

चुडामण : माझ्याकडे कशाला?

लोटन : तुला ऐकू येऊ दे म्हणून. तू अजून मला ऐकलेलं नाहीस. त्या खोलीत तू काटा बघत होतास.

चुडामण : ...बरं.

कुंदा : मी कीबोर्ड काळी एकवर आणते. आठही गाण्यांची बोटं बदलतील, पण होईल. पहिल्या ओळीवर या, भाऊ. दोन, तीन, चार...

लोटन : ...नाही. थांबा, ताई.

कुंदा : काय झालं? पट्टी बरोबर होती.

लोटन : बरोबर होती. माझी नव्हती. काळी एक मी सत्तर साली धरली होती, तीच यंदाही धरून बसलो. त्या खोलीत मी ढकलत होतो. चौथी ओळ जवळ आली की डोळे मिटून घ्यायचो. चुडामणनं दोन पट्ट्या चोरून चढवल्या, पण दोन मी आधीच चढवल्या होत्या. अजून खाली घ्या. पांढरी सात घेऊन बघा.

कुंदा : ही पांढरी सात.

लोटन : हां. इथे मला श्वास मिळतो.

चुडामण : लोटन, माझ्या सहाही तारा उतरवाव्या लागतील. मगनच्या चार. वेळ लागेल.

लोटन : उतरव. मी इथंच आहे.